गीझर विझतो तेव्हा हवा तपासा

गॅस गीझर दुरुस्त करणाऱ्यांना एक तक्रार हमखास गोंधळात टाकते. घरी गीझर पेटतो, पाच-सात मिनिटं छान चालतो आणि अंगाला साबण लागलेला असताना विझतो. नळ बंद करून पुन्हा सोडला की ठिणगीची टकटक ऐकू येते, पण कधी पेटतो, कधी नाही. सेल बदलून होतात, डायफ्राम बदलून होतो, पाण्याची जाळी धुऊन होते. शेवटी गीझर भिंतीवरून उतरवून दुकानात नेतात आणि तिथे तो तासभर सुरळीत चालतो. गीझर परत येतो, भिंतीवर चढतो आणि दुसऱ्याच दिवशी तीच तक्रार सुरू होते.

दुकानात चालतो आणि घरी विझतो, यातच रोगाचं निदान आहे. पाणी, गॅस आणि सेल दोन्हीकडे सारखेच आहेत. फरक एवढाच की दुकानाचं शटर रस्त्याकडे सताड उघडं असतं आणि घरी दार लावलेली पाच बाय सातची खोली असते. गीझरला तीन गोष्टी लागतात : पाणी, गॅस आणि हवा. पहिल्या दोन नळीतून येतात, म्हणून त्यांची आठवण राहते. हवेची नळी कुणी जोडलेली नसते, ती खोलीतून येते. म्हणून गॅस गीझर म्हणजे भिंतीवरचा पत्र्याचा डबा एवढंच समजून चालत नाही. खोली, तिची खिडकी, दाराखालची फट आणि छताजवळचा पंखा हे सगळे त्या यंत्राचेच भाग आहेत. दुरुस्तीवाला डबा उघडतो, खोली उघडत नाही, आणि गीझरचे सगळ्यात घातक बिघाड खोलीतच असतात.

आधी हवेचा हिशेब मांडू, कारण तो मांडल्याशिवाय या प्रकरणाचं गांभीर्य लक्षात येत नाही. घरोघरी दिसणारा गीझर ‘६ लिटर’चा असतो. याचा ढोबळ अर्थ असा की मिनिटाला सहा लिटर पाण्याचं तापमान तो सुमारे २५ अंशांनी वाढवतो. त्यासाठी पाण्याला साडेदहा किलोवॉट उष्णता द्यावी लागते आणि वाया जाणारी धरली तर बर्नरमध्ये बारा-तेरा किलोवॉटचा गॅस जाळावा लागतो. म्हणजे तासाला जवळपास १ किलो एलपीजी. स्वयंपाकघरातला मोठा बर्नर तासाला दीडशे-पावणेदोनशे ग्रॅमच्या आसपास गॅस घेतो. तेव्हा गीझर चालू असताना बाथरूममध्ये शेगडीचे सहा मोठे बर्नर एकाच वेळी पूर्ण आचेवर पेटलेले असतात.

१ किलो एलपीजी पुरेपूर जाळायला सुमारे साडेपंधरा किलो हवा लागते. घनफळात ती जवळपास १३ घनमीटर भरते. पाच फूट रुंद, सात फूट लांब आणि आठ फूट उंच बाथरूममध्ये एकूण हवा असते ८ घनमीटर. पण खरी अडचण ही हवा संपण्याच्या कितीतरी आधी सुरू होते. हवेत प्राणवायू साधारण २१ टक्के असतो. तो १८ टक्क्यांवर आला की ज्योत नीट जळेनाशी होते आणि कार्बन मोनॉक्साइडचं प्रमाण झपाट्यानं वाढतं. गीझर तासाला २.७ घनमीटर प्राणवायू खातो. आठ घनमीटरच्या पूर्ण बंद खोलीत २१ वरून १८ टक्क्यांवर यायला त्याला पाच-साडेपाच मिनिटं पुरतात. खऱ्या बाथरूममध्ये दाराखालच्या फटीतून थोडी हवा येत राहते, त्यामुळे वेळ लांबतो. पण डिसेंबर-जानेवारीत पुण्या-नाशिकला गारठा पडतो तेव्हा झरोक्याच्या काचा घट्ट लावल्या जातात, काही घरांत त्यात पुठ्ठाही खोचतात. पाणी जास्त गार असतं, त्यामुळे गीझर पूर्ण ताकदीवर ठेवावा लागतो, आणि आंघोळीही लांबतात. गीझरमुळे कुणी दगावल्याच्या बातम्या बहुधा हिवाळ्यातच वाचायला मिळतात, त्याचं कारण हे आहे.

हिशेबाचा दुसरा भाग आणखी महत्त्वाचा आहे. हवा नुसती जाळायला लागत नाही. ज्या गीझरला धूर बाहेर नेणारी नळी नाही, त्याची जळून निघालेली वाफ आणि वायू त्याच खोलीत राहतात आणि पुन्हा बर्नरच्या तोंडाशी येतात. १ किलो गॅसपासून सुमारे १.६ घनमीटर कार्बन डायऑक्साइड आणि दीड किलोहून जास्त पाण्याची वाफ तयार होते. हा कार्बन डायऑक्साइड अर्ध्या टक्क्याच्या आत ठेवायचा म्हटलं तर तासाला सव्वातीनशे घनमीटर ताजी हवा खोलीतून जायला हवी. म्हणजे खोलीतली सगळी हवा तासात चाळीस वेळा बदलायला हवी. वीतभर झरोका किलकिला ठेवून हे होत नाही. ‘खिडकी थोडी उघडी असते’ हे उत्तर त्यामुळेच मला कधी पुरेसं वाटत नाही.

लंडनचा रंगारी बेंजामिन वॉडी मॉन यानं १८६८ मध्ये आंघोळीच्या पाण्यासाठी गॅसवर चालणारा पहिला गीझर बनवला. त्यालाही धूर बाहेर नेणारी नळी नव्हती. ती उणीव यंत्राच्या जन्मापासूनची आहे आणि दीडशे वर्षांनंतरही आपल्या असंख्य बाथरूममध्ये टिकून आहे. आपल्याकडच्या जुन्या तांब्याच्या बंबात लाकूडफाटा आणि कोळसा जळायचा आणि त्यातूनही कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघायचा. पण बंबाला मधोमध धुराडं असे, तो बहुधा परसात किंवा मागच्या पडवीत पेटवला जाई आणि पाणी बादलीनं न्हाणीघरात नेलं जाई. शिवाय बंबाचा धूर डोळ्यांना झोंबून माणसाला बाहेर पिटाळायचा. गॅस स्वच्छ जळतो म्हणून आपण आग थेट न्हाणीघरात आणली आणि सावध करणारा धूर मात्र राहिला नाही.

आता डब्याच्या आत पाहू. गीझरच्या बर्नरची मूळ कल्पना शाळेच्या प्रयोगशाळेतल्या बुन्सेन बर्नरची आहे. रॉबर्ट बुन्सेननं हायडेलबर्गला १८५५ च्या सुमारास तो रूढ केला. बारीक भोकातून गॅस जोरात सुटतो, त्या वेगामुळे बाजूच्या तोंडातून हवा आत ओढली जाते आणि ज्योत लागण्याआधीच दोन्ही मिसळतात. गीझरमध्ये असे दहा-बारा पट्टीसारखे बर्नर शेजारी शेजारी असतात आणि प्रत्येकाच्या तोंडाशी एक छोटा जेट असतो. जाळायला लागणाऱ्या हवेपैकी साधारण निम्मी या वाटेनं आत येते. उरलेली ज्योतीच्या भोवतीनं, डब्याच्या तळातून वर चढते. या दोन्ही वाटा मोकळ्या असाव्या लागतात, आणि ज्योतीच्या वर तांब्याच्या कॉइलला जोडलेल्या पातळ पात्यांच्या फटीही मोकळ्या असाव्या लागतात. जळलेली हवा वर गेली नाही तर खालून नवी येणार कुठून!

या वाटा बुजवणाऱ्या गोष्टी बाथरूममध्येच तयार होतात. टॉवेल-पंचांचे तंतू उडतात, अंगाला लावायच्या पावडरीची धूळ तरंगते, आणि गॅसच्या वासाकडे ओढले जाणारे छोटे कोळी बर्नरच्या तोंडात जाळी विणतात. हवेचं तोंड थोडं बुजलं की मिश्रणात गॅस जास्त आणि हवा कमी होते. ज्योतीचा शेंडा पिवळा पडतो. पिवळा रंग म्हणजे तापून लाल-पिवळे झालेले कोळशाचे सूक्ष्म कण. ते वरच्या तांब्याच्या पात्यांना आदळतात आणि तिथे काजळी धरते. काजळीनं पात्यांमधली फट अरुंद होते, वर जाणारा प्रवाह मंदावतो, खालून कमी हवा ओढली जाते, ज्योत आणखी पिवळी होते आणि काजळी आणखी वाढते. एकदा हे चक्र सुरू झालं की ते आपोआप थांबत नाही. शेवटी ज्वाळा वर जायला जागा न मिळून समोरच्या झाकणाच्या फटीतून बाहेर डोकावतात आणि पत्र्यावरचा रंग करपतो. झाकणाचा वरचा भाग काळवंडलेला किंवा तपकिरी झालेला दिसला तर गीझर त्याच क्षणी वापरातून काढावा. तो रंग म्हणजे कित्येक आठवड्यांचा अपुऱ्या ज्वलनाचा पुरावा असतो.

याच ठिकाणी एक चुकीची दुरुस्ती सर्रास होते. ज्योत कमी वाटली की जेटच्या भोकात सुई किंवा तार घालून ते साफ केलं जातं. जेट मऊ पितळेचा असतो, भोक रुंदावतं. समजा अर्ध्या मिलिमीटरचं भोक ०.६ मिलिमीटर झालं. डोळ्याला हा फरक दिसत नाही, पण भोकाचं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गानं वाढतं, त्यामुळे गॅस ४४ टक्के जास्त येऊ लागतो. हवेचं तोंड मात्र पूर्वीइतकंच राहतं. साफ केलेला गीझर चार दिवसांनी काजळी धरू लागला तर या सुईची चौकशी करावी. जेट फुंकून किंवा धुऊन साफ करायचा असतो, नाहीतर बदलायचा असतो. बर्नरच्या पट्ट्या मऊ ब्रशनं आणि कॉइलची पाती पाण्यानं धुवायची असतात.

टॉयलेट साफ करायचं ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर गीझरच्या खालीच ठेवण्याची सवयही वाईट. त्यांची क्लोरीनयुक्त वाफ ज्योतीतून गेली की आम्ल तयार होतं आणि तांबं, पत्रा, ठिणगीची टोकं सगळं खातं.

ज्योत वाचता येते, फक्त रंगासोबत तिचा आकार आणि आवाजही पाहावा लागतो. मधूनच नारिंगी ठिणग्या उडत असतील तर बहुधा धूळ किंवा खारी हवा असते. कोकण किनाऱ्यावर आणि गोव्यात हे नेहमीचं आहे आणि स्वतःहून घातक नाही. सतत पिवळा, डुलणारा, मऊ शेंडा मात्र हवेची कमतरता सांगतो. ज्योत बर्नरपासून उचलल्यासारखी, फरफरत जळत असेल तर गॅसचा दाब जास्त आहे, किंवा बर्नरला मिळणाऱ्या हवेतला प्राणवायू कमी झाला आहे. बर्नरच्या आतून फुरफुर किंवा शिट्टीसारखा आवाज येत असेल तर ज्योत मागे सरकून जेटपाशी जळते आहे. दाब कमी पडला की असं होतं. पेटताना ‘भप्’ असा दणका बसत असेल तर ठिणगी उशिरा पडते आहे आणि तोपर्यंत डब्यात गॅस साठतो आहे. सेल उतरलेले असतात, ठिणगीच्या टोकावर मळ असतो, किंवा कडेच्या पट्ट्या बुजल्यामुळे ज्योत एका पट्टीवरून दुसरीवर पोचायला वेळ लागतो. हा दणका वाढत जातो. तो एखाद्या दिवशी झाकण उडवेपर्यंत वाट पाहू नये.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. निळी ज्योत म्हणजे सुरक्षित गीझर, हे घट्ट बसलेलं समीकरण अर्धसत्य आहे. ज्योत निळी असूनही ती गार पाण्यानं भरलेल्या कॉइलला चाटत असेल तर जळण्याची क्रिया मध्येच थंडावते आणि कार्बन मोनॉक्साइड तसाच सुटतो. खोलीतला प्राणवायू घटला तरी ज्योत लांब, फिकट, पण निळसरच राहू शकते. पिवळी ज्योत नक्की वाईट आहे. निळी ज्योत चांगलीच असेल असं नाही. अर्धवट जळलेल्या गॅससोबत बहुतेक वेळा काही उग्र, डोळ्यांना चुरचुरणारी रसायनंही निघतात. कार्बन मोनॉक्साइडला स्वतःला वास नसतो, पण गीझर चालू असताना कोंदट, तिखट वास आला किंवा डोळे चुरचुरले तर त्याचा सोबती येऊन पोचला आहे असं समजून बाहेर पडावं.

रंगापेक्षा मला वेळेवर जास्त भरवसा वाटतो. गीझर पेटल्यावर किती वेळानं विझतो, हा प्रश्न विचारला की अर्धं काम होतं. दोन-तीन सेकंदांत विझत असेल तर ज्योत ओळखणारी सळई मळलेली किंवा वाकलेली असते. ज्योतीतून अगदी सूक्ष्म विद्युतप्रवाह वाहतो, त्यावरून यंत्राला ज्योत आहे हे कळतं. प्रवाह मिळाला नाही की ते गॅस बंद करतं. दुसरा नळ सोडल्यावर विझत असेल तर पाण्याचा दाब पडतो आहे. गच्चीवरची टाकी वरच्या मजल्यापासून जेमतेम दोन मीटर उंच असते तिथे हे रोजचं आहे. बारीक धारेला पाणी कढत होऊन विझत असेल तर तापमापक स्विच काम करतो आहे. सोलापूर-मराठवाड्याकडे क्षारानं कॉइल भरलेली असली तरी असं होतं. बरोबर वीस मिनिटांनी विझत असेल तर बिघाड नाही, अनेक गीझरमध्ये तेवढ्या वेळाची मर्यादा मुद्दाम घातलेली असते. पण पाच ते दहा मिनिटांनी, कधी थोडं आधी, कधी थोडं नंतर, आणि दार बंद असतानाच विझत असेल तर तो हवेचा प्रश्न आहे.

याची खात्री करायला वेगळं साधन लागत नाही. आत कुणी नसताना दार आणि खिडकी सताड उघडून गरम पाण्याचा नळ सोडून ठेवावा आणि गीझर पंधरा मिनिटं चालतो का हे बाहेरून पाहावं. चालला तर पाणी, गॅस, सेल, डायफ्राम सगळे निर्दोष ठरले. बदललेली एकच गोष्ट होती, ती म्हणजे हवा. दुकानात झालेली परीक्षा हीच, फक्त ती आपल्या घरात केली. दार लावून ‘आता बघू विझतो का’ ही उलट परीक्षा आत उभं राहून कुणीही करू नये.

काही गीझरमध्ये प्राणवायूची घट ओळखणारी खास व्यवस्था असते. एक बारीक ज्योत सतत एका धातूच्या जोडाला तापवत असते. हवेतला प्राणवायू साधारण १८ टक्क्यांच्या आसपास उतरला की ती ज्योत आपल्या जागेवरून उचलली जाते, जोड गार पडतो आणि झडप गॅस बंद करते. मालकाच्या दृष्टीनं गीझर ‘सारखा विझतो’. दुरुस्तीला आलेला माणूसही कधी कधी म्हणतो, ‘सेन्सर खराब झालाय, डायरेक्ट करून देतो.’ गीझर मग विझायचा थांबतो, मालक समाधानी होतो. प्रत्यक्षात खोलीत विष साठत असल्याचं सांगणारा एकमेव भाग काढून टाकलेला असतो. मला या सगळ्या प्रकरणात जी गोष्ट अस्वस्थ करते ती ही. विझणारा गीझर घरच्यांचा जीव वाचवत असतो आणि त्यालाच आपण दोषी ठरवतो. कुठलाही सुरक्षा-स्विच थेट जोडून द्यायला तयार असलेल्या माणसाला गीझरला हात लावू देऊ नये. साध्या सळईच्या गीझरला ही खास व्यवस्था नसते. त्यात ज्योत फार उचलली गेली तर विझते, पण त्याआधी कितीही कार्बन मोनॉक्साइड सुटलेला असू शकतो. त्यामुळे ‘विझत नाही’ हे सुरक्षिततेचं प्रमाणपत्र ठरत नाही.

ज्या गीझरला धूर बाहेर नेणारी नळी आहे, तिथे प्रश्न बदलतो. सिलिंडरच्या रेग्युलेटरमधून गॅस सुमारे ३,००० पास्कल दाबानं येतो. धूर वर नेणारी शक्ती मात्र फक्त गरम हवेच्या हलकेपणाची असते. दोन मीटर उभ्या नळीत, बाहेरच्या हवेपेक्षा १३० अंशांनी गरम धुराला ती जेमतेम सात पास्कल मिळते. या सात पास्कलांच्या मार्गात भिंतीत बसवायच्या सोयीसाठी एक कोपरा दिला, नळीचा व्यास कमी केला, ती आडवी लांब नेली किंवा टोकाला कबुतरानं घरटं केलं की धूर मागे फिरतो. याहून मोठा शत्रू म्हणजे त्याच खोलीतला एक्झॉस्ट फॅन. दार घट्ट, झरोका बंद आणि पंखा चालू असेल तर पंख्याला हवा कुठून तरी हवी असते. सगळ्यात सोपी वाट धुराच्या नळीची असते. मग पंखा नळीतून बाहेरची हवा आत ओढतो आणि धूर न्हाणाऱ्याच्या डोक्यावर उतरतो. घट्ट दारं-खिडक्यांच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघरातली मोठी विजेची चिमणीही हे करू शकते. तिची ओढ तासाला हजार घनमीटरपर्यंत असते आणि ती बाथरूमच्या दाराखालूनही पोचते.

नळी नसलेल्या गीझरला पंखा उपयोगी पडतो, पण त्याला समोरासमोर वाट हवी. खाली दाराला पुरेशी रुंद जाळी आणि वर पंखा असावा. जाळी नसेल तर पंखा नुसता फिरतो, हवा हलत नाही. दाराखालच्या फटीशी कागदाची पट्टी धरली आणि ती आत ओढली गेली नाही तर पंखा असून नसल्यासारखा आहे. नळीच्या गीझरसाठी अगरबत्ती पुरते. गॅसचा वास नाही याची खात्री करून, गीझर पेटवून पाच मिनिटं झाल्यावर, वरच्या तोंडाशी अगरबत्तीचा धूर न्यावा. तो आत ओढला गेला तर धुराडं काम करतं आहे. तो खोलीकडे ढकलला जात असेल तर गीझर लगेच बंद करावा. हीच परीक्षा पंखा आणि चिमणी चालू करून पुन्हा घ्यावी, कारण बिघाड नेमका तेव्हाच दिसतो. जुन्या इमारतींत नळी बाहेर काढल्याचा समज असतो आणि ती प्रत्यक्षात डक्टमध्ये उघडते, जिथे सगळ्या मजल्यांचे बाथरूमचे झरोके उघडतात. तळमजल्यावरचा धूर तिसऱ्या मजल्यावर शिरतो. आपला गीझर उत्तम असूनही घरच्यांचं डोकं दुखत असेल तर शेजाऱ्यांशी बोलायला हवं.

ज्या गीझरमध्ये स्वतःचा पंखा असतो त्यात दाब ओळखणारा स्विच असतो. आधी पंखा फिरतो, नळी मोकळी असल्याची खात्री होते, मगच ठिणगी पडते. पंखा फिरतो पण ठिणगी पडत नाही, ही तक्रार आली की सर्किट बोर्ड बदलण्याआधी बाहेरच्या नळीचं टोक आणि स्विचला जाणाऱ्या बारीक रबरी नळीत साचलेलं पाणी पाहावं.

गॅसबद्दल थोडक्यात. मुंबई-पुण्यात सिलिंडर जाऊन पाइपचा गॅस येतो तेव्हा शेगडीचे जेट बदलले जातात, गीझर विसरला जातो. पाइपचा गॅस मुख्यतः मिथेन असतो. त्याची दर घनमीटर उष्णता कमी आणि दाबही कमी, म्हणून त्याचे जेट मोठे असतात. सिलिंडरसाठी बनलेला गीझर पाइपला जोडला तर मलूल जळेल. पाइपसाठी बनलेला सिलिंडरला जोडला तर मात्र गॅसचा पूर येऊन भडक पिवळ्या ज्वाळा आणि काजळी होईल. हे बदल कंपनीच्या अधिकृत माणसाकडूनच करून घ्यावेत.

या सगळ्याची किंमत शरीर कशी मोजतं तेही सांगायला हवं. कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. हवेच्या दहा लाख भागांत तो १,६०० भाग झाला की वीस मिनिटांत डोकं दुखतं, मळमळतं आणि तासा-दोन तासांत मृत्यू येतो. ६,४०० भागांवर दहा-पंधरा मिनिटं पुरतात. जागतिक आरोग्य संघटनेनं पंधरा मिनिटांसाठी घालून दिलेली मर्यादा साधारण ८७ भागांची आहे. यात माणसाला गुदमरल्यासारखं वाटत नाही. पाय लटपटतात, विचार मंद होतो आणि कडी काढायची बुद्धी होण्याआधीच शुद्ध जाते. काहींना झटका येतो. भारतातल्या मेंदूविकारतज्ज्ञांनी असे रुग्ण नोंदवले आहेत. बाथरूममध्ये बेशुद्ध सापडले म्हणून अपस्माराचा संशय घेतला गेला, प्रत्यक्षात कारण गॅस गीझर होतं. म्हणून आंघोळ करताना कुणी पडलं तर आधी दार-खिडक्या उघडून, श्वास रोखून त्याला बाहेर ओढावं, गॅस बंद करावा, १०८ ला फोन करावा आणि डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता त्यांना सांगावं की गॅस गीझर चालू होता. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर इथे फसवतो. विषानं भारलेलं हिमोग्लोबिन त्याला प्राणवायूनं भरलेलंच वाटतं आणि आकडा ९८ दिसतो. रक्तातल्या कार्बन मोनॉक्साइडची वेगळी तपासणी लागते. साध्या हवेत रक्तातलं हे विष निम्मं व्हायला चार-पाच तास लागतात, शुद्ध प्राणवायूवर सुमारे एक ते दीड तास. बरं वाटलं तरी दवाखान्यात जावं, कारण विसराळूपणा, चालण्यातला तोल असे त्रास काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी उमटू शकतात.

ब्रिटनमध्ये १९९८ च्या गॅस सुरक्षा नियमांनुसार बाथरूममध्ये गॅसचं उपकरण बसवायचं तर ते खोलीपासून पूर्ण बंदिस्त असावं लागतं. म्हणजे जाळायची हवा थेट बाहेरून घेणारं आणि धूर थेट बाहेर सोडणारं. खोलीतल्या हवेशी त्याचा संबंधच नसतो. आपल्याकडेही आयएसआय चिन्ह असलेला गीझर घेणं ही पहिली अट आहे, पण चिन्ह डब्याला मिळतं, खोलीला नाही. साधा आणि खात्रीचा उपाय एकच : गीझर ड्राय बाल्कनीत किंवा बाहेरच्या मोकळ्या भिंतीवर न्यायचा आणि गरम पाण्याची नळी आत आणायची. चार-सहा फूट नळी वाढते, सुरुवातीचं थोडं गार पाणी सोडून द्यावं लागतं. बाल्कनीला काचा लावून ती बंद केली तर मात्र हलवण्याचा उपयोग शून्य. गीझर बाथरूमच्याच खिडकीखाली टांगला तरी धूर परत आत येतो. वाऱ्यानं विझत असेल तर बाजूनं आडोसा करावा, वरून आणि खालून नाही.

ते होईपर्यंत गीझर आत असलेल्या घरांनी शॉवर वर्ज्य करावा. दार उघडं ठेवून बादल्या भरून घ्याव्यात, गीझर बंद करावा, पाच मिनिटं दार-झरोका उघडे ठेवावेत आणि मग आंघोळ करावी. एकामागून एक चौघांनी आंघोळी करायच्या घरात शेवटच्याचा धोका सगळ्यात जास्त असतो, आणि तो बहुधा घरातलं सगळं आवरून सर्वात शेवटी आंघोळीला जाणाऱ्या बाईच्या वाट्याला येतो. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म घ्यावा. गॅसगळतीचा अलार्म वेगळा. एलपीजी हवेहून जड, म्हणून तो अलार्म जमिनीजवळ लावतात. कार्बन मोनॉक्साइड हवेच्याच वजनाचा असल्यामुळे खोलीभर पसरतो आणि त्याचा अलार्म श्वासाच्या उंचीवर, बाथरूमच्या दाराबाहेर लावणं सोयीचं पडतं. एकाच्या जागी दुसरा चालत नाही.

गीझर बाहेर हलवला की बाथरूममध्ये गॅसच्या जुन्या जोडणीचं तोंड उरतं. नुसती नळी काढून खटका बंद करून ते सोडू नये. गॅसवाल्याकडून त्याला धातूचं टोपण बसवून घ्यावं, साबणाचं पाणी लावून बुडबुडा येत नाही हे पाहावं आणि भिंतीतलं धुराच्या नळीचं भोक मात्र बुजवू नये, त्याला जाळी लावून तसंच ठेवावं.